म्हातारपण आणि कोलेस्टेरॉलची गोळी

रोवणीचे दिवस आले की आमच्या बिरसा भागात घरोघरी एकच तक्रार ऐकू येते : मांड्या भरून आल्या, पोटऱ्या ठणकतात. घरातील आजोबांना हृदयविकारानंतर कोलेस्टेरॉलची गोळी चालू असली, की सारा दोष त्या गोळीवर येतो आणि गोळी कोनाड्यात पडून राहते. पुष्कळदा दोष बांधीतल्या कष्टाचा असतो; पण कधी कधी तो खरोखर गोळीचाही असतो. हा फरक कसा ओळखावा, ते आज आपण पाहू.

ह्या गोळ्यांना स्टॅटिन म्हणतात. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन व रोझुव्हास्टॅटिन ह्या त्यांतील नेहमीच्या. आपणा धानवाल्यांना नवल वाटेल, पण पहिले स्टॅटिन तांदळावरच्या बुरशीतून निघाले. जपानच्या एका शेतकरी कुटुंबातले शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी हजारो बुरशी तपासून १९७३ साली ते शोधले. (म्हणून बुरशीचा तांदूळ खाऊ नये, त्याच बुरशीत मूत्रपिंडाला घातक विषही असते.) स्टॅटिनमुळे यकृतात कोलेस्टेरॉल कमी तयार होते.

मग वयाचा संबंध कोठे येतो? उतारवयात यकृत व मूत्रपिंडे यांचे काम मंदावते आणि अंगावरचे मांस झडते. त्यामुळे तीच मात्रा म्हाताऱ्या शरीराला जड जाऊ शकते. शिवाय इतर गोळ्या वाढतात. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा नायट्यासाठी दिले जाणारे इट्राकोनॅझोल घेतल्यास अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन रक्तात साचते. पंचाहत्तरी ओलांडलेले, बारीक अंगाचे, थायरॉइड मंद असलेले, आणि त्यांतही स्त्रिया, यांनी अधिक जपावे.

तरी घाबरू नये. २०२२ साली १९ चाचण्यांतील सुमारे १,२४,००० लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्के लोकांनी अंगदुखी किंवा अशक्तपणा सांगितला. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्के लोकांनी. म्हणजे बहुतेक दुखणे गोळीचे नव्हतेच.

ओळखावे कसे?

१. रोवणीचे दुखणे विश्रांतीने काही दिवसांत ओसरते. गोळीचे दुखणे बहुधा गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढविल्यावर काही आठवड्यांत येते, दोन्ही बाजूंना सारखे असते आणि विश्रांतीनेही जात नाही.

२. असे दुखणे असल्यास डॉक्टरांना सांगावे. ते रक्त तपासतील, मात्रा कमी करतील किंवा गोळी बदलतील.

३. लघवी काळ्या चहासारखी झाली आणि हातपाय अगदी गळाले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. असे क्वचितच घडते, पण मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

ज्यांना हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला आहे, त्यांना पंचाहत्तरीनंतरही ह्या गोळीचा लाभ होतो. त्यांनी ती मनाने बंद करणे म्हणजे दुसऱ्या झटक्याला वाट करून देणे होय. ज्यांना असा आजार कधी झालाच नाही, त्यांच्या बाबतीत मात्र त्या वयात लाभाचा पुरावा कमी आहे. गोळी हवी की नको, हे त्यांनी डॉक्टरांना जरूर विचारावे.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे, नायट्याच्या गोळ्यांसह, एका पिशवीत घालून न्यावीत आणि आपले वय बरोबर सांगावे.