संकटकाळीं शाळेंतील कृतज्ञता

सुकाळीं उपकार स्मरणें सोपें असतें. कणगी भरलेली असतां आभार मानावयास कोणास जड जात नाहीं. परंतु पाऊस गेला, सांथ आली, वसतिगृहांत पातळ पेजेवर दिवस काढण्याची पाळी आली, म्हणजे कृतज्ञतेची खरी परीक्षा होते. अशा वेळीं कोणी शिक्षक मुलांस रांगेनें उभें करून देणगीदारांचे आभार मानावयास लावितात. मुलें तोंडानें आभार मानितात, पण मनांत लाज व कटुता सांठवितात. तर मग संकटांत शाळेची कृतज्ञता कशी असावी? हें समजण्यासाठीं पुणें जिल्ह्यांतील केडगांवचा इतिहास आपण पाहूं.

१. उपकाराची आठवण. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनीं पत्नीस संस्कृत शिकविलें, व आईनें तें मुलीस शिकविलें. पुढें १८७४ च्या सुमारास दुष्काळाच्या हालांत रमाबाईंचे आईबाप व वडील बहीण हीं निवर्तलीं. रमाबाईंपाशीं राहिली ती विद्या व भुकेची आठवण. १८९६ च्या अखेरीस मध्यप्रांतांत दुष्काळ पडल्याचें कळतांच त्या पुण्याहून तिकडे गेल्या, आणि थोड्याच महिन्यांत सुमारें तीनशें निराधार मुली व स्त्रिया त्यांनीं आणिल्या. आईबापांचें ऋण फेडावयास आईबाप राहिले नव्हते. तें त्यांनीं परक्यांच्या लेंकींच्या ठायीं फेडिलें.

२. चोख हिशेब. १८८७ सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं एक मंडळी स्थापन होऊन तिनें रमाबाईंच्या शाळेस दहा वर्षें साह्य करण्याचें वचन दिलें. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें व पुढील वर्षीं तें पुण्यास आलें. रमाबाई ह्या मंडळीस शाळेचें वृत्त नियमानें कळवीत. इतकेंच नव्हे, तर दहा वर्षांनंतर शाळेनें दुसऱ्याच्याच हाताकडे पाहत राहूं नये, म्हणून त्यांनीं केडगांवीं जमीन घेऊन फळझाडें लाविलीं. मुदत भरली तेव्हां, १८९८ सालीं, त्या स्वतः अमेरिकेस जाऊन मंडळीस भेटल्या. दिलेल्या पैशाचें काय झालें हें खरेंखरें सांगणें, आणि आपल्या पायांवर उभें राहण्याची खटपट करणें, हे शंभर गोड शब्दांहून मोठे आभार होत.

३. घेणारा देणारा होतो. १८९७ सालीं पुण्यांत प्लेग असल्यामुळें इतक्या नव्या मुली शहरांत ठेवितां येईनात. तेव्हां केडगांवच्या शेतांत त्यांची सोय करण्यांत आली. हीच पुढें मुक्ति ह्या नांवानें प्रसिद्ध झाली. त्या मुलींस न्हाऊंमाखूं घालणें, दुखणीं काढणें व अक्षरें शिकविणें हें काम शारदा सदनांत शिकलेल्या थोरल्या मुलींनीं हातीं घेतलें. ज्यांस काल कोणी आसरा दिला होता, त्याच आज आसरा देऊं लागल्या. १९०० सालीं गुजराथेंत दुष्काळ पडला, तेव्हां संस्थेंतील संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. तरी दार लागलें नाहीं. शेती, विणकाम, छापखाना अशीं कामें शिकून त्या स्त्रिया संस्था चालवूं लागल्या.

येथें शिक्षकांनीं एक गोष्ट विसरूं नये. दीर्घ उपासानें गांजलेलें मूल अन्न लपवितें, दुसऱ्याचें हिसकावितें, देणाऱ्यावरहि संशय घेतें. त्यास कृतघ्न म्हणूं नये. ती भूक बोलत असते. दहा कुष्ठरोग्यांचा वृत्तांत आपणांस ठाऊक आहे. एकच परत आला. प्रभूनें बाकीच्या नवांची चौकशी केली खरी, पण त्यांचें आरोग्य काढून घेतलें नाहीं. आधीं भाकर, मग आभार. हा क्रम शाळेनें उलटा करूं नये.

४. अलीकडील काळ. मार्च २०२० मध्यें कोविडच्या सांथीमुळें महाराष्ट्रांतील शाळा बंद झाल्या. शाळेंतील खिचडी थांबली, तेव्हां तांदूळ व डाळ मुलांच्या घरीं पोंचविण्याचें काम कित्येक शिक्षकांनीं केलें. जेथें मोबाइल नव्हता तेथें झाडाखालीं अंतर राखून मुलें शिकविलीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांस दहा लक्ष डॉलरांचें ग्लोबल टीचर प्राइझ मिळालें. त्यांनीं अर्धी रक्कम शेवटच्या फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून देण्याचें जाहीर केलें. मिळालेलें पुढें देणें, हीच केडगांवची रीत येथेंहि दिसते.

५. आपणांस काय करतां येईल? पहिलें, शाळेंत झांकलेल्या हातांचीं नांवें घ्यावीं: पाणी भरणारी, खिचडी शिजविणारी, रात्रीं जागणारा. दुसरें, आलेल्या देणगीचा हिशेब गांवासमोर वाचून दाखवावा. कमी पडलें तें लपवूं नये. तिसरें, प्रत्येक मोठ्या मुलाकडे एक लहान मूल सोंपवावें. चौथें, जें मूल अद्याप गप्प आहे, त्यास गप्प राहूं द्यावें. पेरलेलें बीं दुसऱ्याच दिवशीं उकरून पाहणारा शेतकरी कणीस पाहत नाहीं.

चर्चेसाठीं प्रश्न

(१) रमाबाईंनीं आईबापांचें ऋण कोणास फेडिलें?
(२) हिशेब देणें हा आभारांचा प्रकार कसा होतो?
(३) आपल्या गांवच्या शाळेंत कोणाच्या श्रमांचे आभार अद्याप कोणीं मानिले नाहींत? त्यांचे आभार ह्या आठवड्यांत कसे मानाल?