राखडीच्या गावांनी शिकवलेलं

विदर्भात कोळशाच्या वीजकेंद्रांभोवतीच्या गावांबरोबर काम करताना जे उमगलं, ते असं:

१. सुनावणीचा मांडव उभा राहण्याआधी अहवाल वाचा.
पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २००६च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. मराठी सारांश मिळतो, पण मेख मूळ इंग्रजी अहवालात असते: राखेचा बंधारा कुठे, पाणी कोणत्या धरणाचं, हवा कोणत्या महिन्यांत मोजली. कॉलेजात शिकणाऱ्या पोरापोरींना तो वाटून द्या.

२. घोषणा देऊन सभा सोडू नका.
सुनावणीला गणसंख्येची अट नाही. तुम्ही उठून गेलात तरी ती वैधच ठरते. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवावं लागतं. तोवर थांबा, आपला मुद्दा आला का ऐका, लेखी निवेदनाची पोच घ्या. पुढे पर्यावरण मंजुरीचा विचार करणारी दिल्लीतली तज्ज्ञ समिती हेच कागद वाचते.

३. ‘प्रदूषण होतंय’ म्हणून भागत नाही.
एका सुनावणीत एका शेतकरी बाईंनी राखडीनं मळलेला कापूस टेबलावर ठेवला आणि व्यापाऱ्यानं भाव किती पाडला ते सांगितलं. त्यानंतर साहेबांनी गट नंबर विचारून लिहून घेतला.

४. नियम आला म्हणजे काम झालं, असं नाही.
कोळशाच्या केंद्रांच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडची मर्यादा डिसेंबर २०१५ मध्ये आली, दोन वर्षांच्या मुदतीसह. मुदत वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना सूटच मिळाली. डहाणूच्या ५०० मेगावॅटच्या केंद्रात मात्र हा वायू अडवणारी यंत्रणा २००७ मध्येच बसली. तिथं नागरिक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते, आणि पर्यावरण जपण्यासाठी १९९६ मध्ये नेमलेलं तालुका प्राधिकरण पाठपुरावा सोडत नव्हतं.

५. हवामानबदल वीजबिलातून समजावा.
कार्बनचे आकडे ऐकून माणसं जांभया देतात. पण नव्या केंद्राशी वितरण कंपनीचा करार सहसा २५ वर्षांचा असतो आणि वीज घेतली नाही तरी स्थिर आकार आपल्या बिलातून भरावा लागतो, हे कळलं की कान टवकारतात. वीज नियामक आयोगापुढे दरवाढीवर कोणताही ग्राहक हरकत घेऊ शकतो. तिथं शहरातली माणसंही तुमच्या बाजूनं येतात.

६. कंत्राटी कामगाराला विरोधक समजू नका.
बहुतेकदा तो गावातलाच असतो. केंद्र बंद झाल्यावर त्याच्या पगाराचं काय, हा प्रश्न आपणच आधी मांडावा. नाहीतर तोच प्रश्न आपल्याविरुद्ध वापरला जातो.

७. मंजुरी मिळाली तरी तारखा संपत नाहीत.
पुण्यातल्या हरित न्यायाधिकरणाकडे अपिलाला ३० दिवस असतात. पुढे दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला कंपनीला मंजुरीतल्या अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो. तो मागवा आणि बंधाऱ्यावर उभं राहून अट न अट तपासा. या दोन तारखा ग्रामपंचायतीच्या कॅलेंडरवर पोळ्याइतक्या ठळक असायला हव्यात.