जहाजावरील खोली आणि लहान मुले

प्रश्न : दोन व सहा वर्षांच्या मुलांसह मुंबईहून गोव्याला क्रूझने जायचे आहे. कोणती केबिन घ्यावी?

उत्तर : लाटांवर जहाजाची दोन्ही टोके सर्वाधिक वर-खाली होतात, मध्यभाग त्या मानाने स्थिर राहतो, म्हणून मध्यभागातील, खालच्या मजल्यावरील खोली श्रेयस्कर. मात्र आरक्षणापूर्वी नकाशा पाहून, वर नाट्यगृह वा खाली भटारखाना नाही, याची खातरजमा करावी. धाकट्यासाठी पाळणा आगाऊ मागून घ्यावा. भिंतीतून उघडणारी वरची शय्या त्याला सर्वथा वर्ज्य, आणि थोरल्यालाही ती कठडा असल्यासच द्यावी. सज्जाचा मोह होईल, परंतु खुर्चीवर चढलेल्या बालकापुढे कठड्याची उंची निरर्थक ठरते. तस्मात् न उघडणाऱ्या खिडकीची खोली घेऊन मुलांना निर्धास्तपणे समुद्रदर्शन घडवावे, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे.