नव्या कोरियन हॉटेलात शेगडीपाशी बसण्याआधी

कोरियन बार्बेक्यूत स्वयंपाकघर तुमच्या टेबलावरच असतं. हॉटेलवाला मांस कापून, मुरवून देतो, भाजायचं आपण. एरवी भटारखान्यात झाकून जाणाऱ्या गोष्टी, म्हणजे धूर, कच्चं-शिजलेलं, कुठल्या चिमट्याने काय उचललं, या सगळ्या इथे आपल्या नाकासमोर घडतात. हॉटेल मुरलेलं असेल तर तिथली पोरं सांभाळून घेतात. नवं असेल तर ती पोरंही आपल्यासोबतच शिकत असतात.

रांजणगावात एलजी असल्यामुळे पुण्याला कोरियन जेवण काही नवीन नाही. आता मात्र कोरियन मालिका बघणाऱ्या मुलांसाठी नवी, चकचकीत हॉटेलं उघडतायत. अशाच एका ठिकाणी, उद्घाटनाचे हार अजून सुकले नव्हते तेव्हा, भाचीच्या हट्टापायी आम्ही गेलो. दार ओढताना जड गेलं आणि फटीतून वारा शिट्टी वाजवत आत शिरला. हे लक्षण ओळखायला शिका. आतले पंखे हवा बाहेर फेकत असतात, पण बाहेरची हवा आत यायला पुरेशी वाटच ठेवलेली नसते. मग धूर वरच्या नळकांड्यात न जाता टेबलांभोवती घुटमळतो.

आमच्या शेगडीत लाकडी कोळसा होता. खिडक्या बंद आणि एसी चालू. निम्म्या जेवणात भाचीचं डोकं ठणकायला लागलं, वहिनींना मळमळू लागलं. वेटर हसून म्हणाला, “नवीन आहे ना मॅडम, धुराची सवय होते.” धुराची होत असेलही. पण जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइडही निघतो. त्याला ना रंग, ना वास, आणि त्याची पहिली लक्षणं नेमकी हीच: डोकेदुखी, गरगरणं, मळमळ. त्या दिवशी तोच होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण मोजला कुणी? पण बंद खोलीत, एकाच टेबलावर दोघींना एकदम असं होऊ लागलं तर ताटाकडे बघत बसायचं नसतं. आम्ही उठून रस्त्यावर आलो आणि थोड्या वेळाने दोघींना बरं वाटलं. तसं वाटलं नाही, तर थेट दवाखाना गाठावा. पित्त म्हणून लिंबू सरबत पाजत बसू नये.

बसण्याआधी कागदी नॅपकिन नळकांड्याच्या तोंडाशी धरून पाहा. तो वर खेचला गेला तर बसा, लोंबकळत राहिला तर दुसरं टेबल मागा. हे नळकांडं बहुतेक ठिकाणी खाली ओढता येतं आणि ते शेगडीच्या जवळ आणायचंच असतं. नवी पोरं ते वरच ठेवून जातात.

आम्हाला चिमटा एकच दिला होता. कच्च्याला एक आणि भाजलेल्याला एक, असे दोन मागून घ्या. कोरियात गाल्बी आणि बुल्गोगी म्हटलं की बहुधा गोमांस. आपल्याकडे गाईबरोबर बैलाच्याही कत्तलीवर २०१५ पासून बंदी असल्याने ताटात डुक्कर, कोंबडी, क्वचित म्हैस येते. यातली मुरवलेली कोंबडी सगळ्यात फसवी. मसाल्यातल्या साखरेमुळे ती वरून लगेच काळपट होते, पण आत कच्ची राहते. टेबलावरची कात्री त्यासाठीच वापरा: जाड तुकडा मधोमध कापा, आत गुलाबी दिसला तर परत शेगडीवर. डुकराच्या बाबतीतही ‘थोडं कच्चं चालतं’ हा शहाणपणा नको. कच्च्या मांसातून पट्टकृमी पोटात जाऊ शकतो.

वहिनी शाकाहारी. त्यांना किमची “व्हेज आहे” म्हणून वाढली गेली. कोबी व्हेजच असतो, पण पारंपरिक किमचीत माशाचं खारं पाणी किंवा खारवलेला जवळा पडतो, आणि साध्या दिसणाऱ्या सूपचा रस्साही बऱ्याचदा सुक्या मासळीचा असतो. ‘व्हेज आहे का’ असं विचारलं की नव्या हॉटेलात ‘हो’च येतं. ‘यात फिश सॉस आहे का, सूप कशाच्या पाण्यात केलंय’ असं विचारलं, की पोरगा आत जाऊन विचारून येतो. मशरूम आणि पनीर भाजायला जाळी वेगळी मागावी.

बिलाचं थोडक्यात. मांस बहुतेक वेळा कमीत कमी दोन जणांपुरतं घ्यावं लागतं, तेव्हा एका प्लेटीत किती ग्रॅम ते आधी विचारा. पानातल्या डाव्या बाजूसारख्या बारक्या वाट्या कोरियात पुन्हा मागितल्या तरी पैसे पडत नाहीत. इथे पडतात का, ते पहिल्या वाटीआधीच कळलेलं बरं. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नसतो. काढून देत नसतील तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

आणि ओढणी घेऊन जाऊ नका, केस बांधून जा. कोरियात अशा ठिकाणी कोट ठेवायला पोकळ, झाकणाची स्टुलं असतात. इथे ती नसतील तर जॅकेट गाडीतच राहू द्या, नाहीतर दोन धुण्यांनंतरही वास जात नाही.