अंधार खोलीतले काम

गेल्या अंकानंतर दोन-तीन मंडळ्यांतून विचारणा झाली की, एक्स-रे फिल्मसाठी दरवर्षी देणगी मागता, तर त्या फिल्मचे नेमके करता काय? शहरांत आता सगळे संगणकावर दिसते. आपल्या सातपुड्यातल्या दवाखान्यात मात्र फिल्म अजून हाताने धुतली जाते. म्हणून हा पाठ.

फिल्म म्हणजे प्लास्टिकचा पातळ तक्ता. त्याच्या दोन्ही अंगांना जिलेटिनमध्ये कालवलेल्या सिल्व्हर ब्रोमाइडचा लेप असतो. उजेड, उष्णता, ओल, दाब, सगळेच त्याला बाधते. म्हणून खोकी पुस्तकांसारखी उभी ठेवायची आणि आधी आलेले खोके आधी संपवायचे. साधारण १० ते २१ अंश तापमान फिल्मला मानवते. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून आम्ही थोडी थोडीच आणतो. एका हितचिंतकांनी प्रेमाने पाठवलेले खोके ऐन उन्हाळ्यात ट्रान्सपोर्टच्या गोदामात पडून राहिले. त्यातली एकूण एक फिल्म करडी निघाली. तेव्हा कृपा करून फिल्म पाठवू नका, पैसे पाठवा.

अंधार खोलीत १५ वॅटचा तांबडा दिवा टेबलापासून चार फूट लांब असतो. कुठून उजेड शिरतो का, हे नाण्याने कळते. कोऱ्या फिल्मवर नाणे ठेवून काही मिनिटांनी ती धुवायची. नाण्याची आकृती उमटली तर भेग शोधायला लागायचे.

डेव्हलपर २० अंशांवर असेल तर त्यात पाच मिनिटे, मग पाण्यात बुचकळून फिक्सरमध्ये दहा मिनिटे, शेवटी वाहत्या पाण्यात वीस मिनिटे. उन्हाळ्यात बाहेरच्या हौदात बर्फ टाकावा लागतो. घाई होते ती शेवटच्या धुण्यात, कारण पेशंटला चारची जीप गाठायची असते. पण फिक्सर नीट निघाला नाही, तर वर्षभरात फिल्म पिवळी पडते. आमचे लोक ती कुडाला खोचून जपून ठेवतात. पुढच्या खेपेला डॉक्टरांना तीच जुनी फिल्म ताडून पाहायची असते.

आता कॅसेट. ही फिल्म ठेवायची चपटी पेटी. आत दोन पांढरे पडदे असतात. क्ष-किरण पडले की ते उजळतात आणि मुख्यतः त्या उजेडाने चित्र उमटते. पडद्यावर कचरा असेल, तर तेवढ्या जागी फिल्म पांढरी राहते.

दोन वर्षांपूर्वी वरच्या पाड्यावरून एक बाई खोकल्यासाठी आल्या. फिल्मवर उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला बारीक पांढरा ठिपका दिसला. डॉक्टरांना क्षयाची शंका आली, त्यांनी थुंकी तपासायला घेतली. पण ती शंका बाईंच्या आधीच पाड्यावर पोहोचली. घरी त्यांचे ताट-तांब्या वेगळे झाले, लेकरू आजीजवळ निजू लागले.

आठ दिवसांनी आश्रमशाळेतल्या एका मुलाच्या छातीला मार लागला. त्याची फिल्म वाळत घालताना मला तोच ठिपका दिसला. दोन्ही फिल्म एकावर एक धरल्या, ठिपके जुळले. दोन्ही ३ नंबरच्या कॅसेटमधल्या. उघडून पाहिले तर पडद्याला बाजरीच्या दाण्याहून लहान कचरा चिकटलेला. दर आठवड्याला पडदे पुसायचे हा नियम माझाच होता, आणि त्या महिन्यात मी पुसले नव्हते.

डॉक्टरांना तसेच सांगितले. ते रागावले नाहीत, जीप पाठवा म्हणाले. दुसऱ्या कॅसेटमधली फिल्म स्वच्छ आली, थुंकीतही जंतू नव्हते. बाईंना सोडायला मीही पाड्यावर गेलो आणि दोन्ही फिल्म उजेडाकडे धरून सासूबाईंना दाखवल्या. आमच्या आरोग्यसेविकेने पावरीत समजावले. सासूबाई बराच वेळ पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे डाग तुझ्या पेटीचा?" मी हो म्हणालो.

आता दर सोमवारी मऊ कापडाने पडदे पुसतो आणि पेटी उघडी ठेवून पूर्ण वाळू देतो. शिशाच्या आकड्याने कॅसेटचा नंबर प्रत्येक फिल्मच्या कोपऱ्यात उमटवतो. ठिपक्याची शंका आली, तर दुसऱ्या कॅसेटमध्ये पुन्हा फिल्म काढतो. त्यात एक फिल्म जास्त जाते. ३ नंबरची कॅसेट अजून वापरात आहे.