काळ्या कापडावरची रेघ

पतंग म्हटला की कागद आणि कामट्या आठवतात. परंतु जोराच्या वाऱ्यात टिकणारे मोठे पतंग नायलॉनच्या कापडाचे शिवतात. कापड काळे असले, तर टीप कोठे मारायची हे दाखविणारी रेघ कशी आखावी?

पेन्सिलीने रेघ ओढून पाहा. समोरून ती जवळजवळ दिसणार नाही, कारण कापड आणि पेन्सिलीतील ग्रॅफाइट दोन्हीही बराचसा प्रकाश शोषून घेतात. आता कापड दिव्यासमोर तिरपे धरा. रेघ चमकेल! ग्रॅफाइटचा गुळगुळीत थर प्रकाश मुख्यतः एकाच दिशेला परावर्तित करतो. पांढऱ्या खडूचे कण मात्र तो सर्व दिशांना विखुरतात; म्हणून खडूची रेघ कोठूनही दिसते.

पण गुळगुळीत नायलॉनवरून हे कण हाताळताना झडतात. अशा वेळी पांढऱ्या साबणाच्या झिजलेल्या वडीची पातळ कड वापरावी. साबण कापडाला चिकटून राहतो आणि काम झाल्यावर ओल्या फडक्याने निघतो.

रेघ बारीक हवी. समजा, ती २ मि.मी. रुंद आहे. डाव्या पंखावर तिच्या आतल्या कडेने आणि उजव्या पंखावर बाहेरच्या कडेने टीप पडली, तर एका शिवणीत २ मि.मी. फरक पडेल. प्रत्येक पंखात अशा चार शिवणी असल्या, तर ८ मि.मी.! मग दोन्ही पंखांवर वाऱ्याचा जोर सारखा राहत नाही आणि पतंग एका अंगाला झुकू लागतो. म्हणून दोन्हीकडे आतल्याच कडेने टीप मारावी.