पराभवाने खचलेल्या भाचीला

चि. सोनूस,


तुझं पत्र मिळालं. बास्केटबॉलची प्रशिक्षक म्हणून महाविद्यालयात रुजू होऊन तुला अजून वर्षही झालं नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मुली पहिल्याच फेरीत हरल्या, याचं तुला वाईट वाटणं साहजिक आहे. मला काळजी वाटली ती पुढच्या ओळीने. निकाल हवा असेल तर कच्च्या मुलींना सरावातून कमी करावं लागेल, असं तू लिहितेस. तसं करण्याआधी, ज्यांनी हा खेळ घडवला त्या डॉ. जेम्स नेस्मिथ यांची नोकरी कशी झाली ते वाच.

कॅनडातल्या ओंटारिओचा हा माणूस. लहानपणीच आईवडील विषमज्वराने गेले, मामाने वाढवलं. मधेच शाळा सोडून लाकूडतोडीच्या कामावर गेले, मग परत येऊन मॅकगिल विद्यापीठाची पदवी घेतली आणि धर्मशास्त्रही शिकले. पण धर्मोपदेशक न होता ते अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत गेले. तिथे १८९१च्या डिसेंबरात, हिवाळ्यात व्यायामशाळेत कंटाळणाऱ्या अठरा विद्यार्थ्यांसाठी त्यांनी दहा फुटांवर पीचच्या टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. हे तुला पाठ आहे. पुढचं फारसं कुणी सांगत नाही.

१८९८ साली, वैद्यकीची पदवी घेऊन, ते कॅन्सस विद्यापीठात आले. काम होतं प्रार्थनेची व्यवस्था पाहण्याचं आणि शारीरिक शिक्षण शिकवण्याचं. बास्केटबॉलचा संघ ओघानेच त्यांच्याकडे आला. १९०७पर्यंत त्यांनी तो सांभाळला: ५५ विजय, ६० पराभव. कॅन्ससच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा जास्त वेळा हरलेले प्रशिक्षक ते एकटेच, आणि खेळ तर त्यांनीच जन्माला घातलेला! विद्यार्थी अंगाने कसा वाढतो, मनाने कसा घडतो, याकडे त्यांचं लक्ष जास्त होतं. सामन्यात ते कधी स्वतःच पंच म्हणून उभे राहत.

इथे एक गोष्ट मला पटत नाही, तीही लिहितो. हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो, असं त्यांचं मत होतं. फॉग ॲलन नावाचा त्यांचा खेळाडू प्रशिक्षक व्हायला निघाला, तेव्हा त्यालाही त्यांनी तेच सांगितलं. ॲलनने ऐकलं नाही, आणि बरं केलं. त्याने कॅन्ससला ५९० सामने जिंकून दिले. त्याच्या हाताखाली तयार झालेले ॲडॉल्फ रप आणि डीन स्मिथ पुढे आपापल्या विद्यापीठांत आठशेच्या वर विजयांपर्यंत पोचले. म्हणून सराव कसून घे, पायांची हालचाल, पास, बचाव यांत ढिलाई नको. हरलं तरी चालतं असं मी म्हणत नाही.

पण मला सांगायचं आहे ते जॉन मॅक्लेंडनबद्दल. १९३३च्या सुमारास हा कृष्णवर्णीय मुलगा कॅन्ससला शारीरिक शिक्षण शिकायला आला. त्या काळी त्याच्यासारख्याला विद्यापीठाच्या संघात जागाच नव्हती, पोहण्याच्या तलावातही त्याने उतरू नये अशीच लोकांची इच्छा. तेव्हा नेस्मिथ सत्तरीच्या पुढचे. संघ कधीच दुसऱ्याच्या हाती गेला होता, या मुलाकडून त्यांना एकही विजय मिळणार नव्हता. तरी ते त्याचे मार्गदर्शक झाले, अडवणूक झाली तिथे त्याच्या पाठीशी उभे राहिले. मॅक्लेंडनने १९३६ साली पदवी घेतली. पुढे त्याने टेनेसीतल्या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाला १९५७, ५८ आणि ५९ असं लागोपाठ तीन वर्षं एनएआयए या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेचं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिलं. जलद, सतत धावता खेळ रूढ करणाऱ्यांत त्याचं नाव आदराने घेतात. ज्याला कॅन्ससच्या जर्सीत एकदाही मैदानावर उतरू दिलं नाही, त्याने खेळाची चाल बदलली. ५५ आणि ६० या आकड्यांत हे कुठेच दिसत नाही.

त्याच १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा अधिकृतपणे खेळला गेला. अमेरिकेतल्या प्रशिक्षकांनी वर्गणी काढून नेस्मिथांना तिथे पाठवलं. भर पावसात, मातीच्या मैदानावर अंतिम सामना झाला, अमेरिकेने कॅनडाला १९-८ असं हरवलं. (आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमूही देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला तेव्हा बर्लिनलाच गेला होता. विदर्भात नोकरी करतेस, तर एकदा मंडळात जाऊन ये.)

तुझ्या कच्च्या मुलींपैकी दोघी बसने रोज खेड्यातून येतात आणि सरावाला एक दिवसही चुकवत नाहीत, असं तूच लिहिलं आहेस. संघात बारा जणीच घ्याव्या लागतात, हे मला मान्य आहे. सरावाला तशी अट नाही. त्यांच्यातली कुणी गुणलेखक होईल, कुणी पंचाची परीक्षा देईल, कुणी उद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलींना हा खेळ शिकवेल. चषक किती आणले असं वरिष्ठांनी विचारलं, तर खरा आकडा सांग आणि सोबत सरावाची हजेरीवही दाखव.

कुणालाही कमी करू नकोस. सोमवारपासून सगळ्यांना मैदानावर बोलाव, आणि त्या दोघींचं कसं चाललं आहे ते मला सविस्तर कळव.

तुझा,
मामा